ते एक वाक्य कोणी सांगायचं?

साठी ओलांडलेल्या बायकांच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांसोबत आता कधीकधी आणखी एक पाकीट सापडतं. अ‍ॅलेन्ड्रोनेट. आठवड्यातून एकदा, सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अशी ती गोळी. काहींना गोळीऐवजी वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन लावतात, काहींना दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात. ठिसूळ झालेली हाडं मोडू नयेत म्हणून ही औषधं आहेत आणि ती आपलं काम चोख करतात. पण फार थोड्या लोकांत, बहुतेकदा दात काढल्यानंतर, जबड्याची जखम भरत नाही. हिरडीतून हाड उघडं पडतं आणि तेवढा भाग मरतो. हे रुग्णाला सांगायचं का, किती सांगायचं, कोणी सांगायचं, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. रुग्णांना तर असा काही प्रश्न आहे हेच ठाऊक नसतं.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. एक जण नाशिकमध्ये गंगापूर रोडला दवाखाना असलेला हाडांचा डॉक्टर. दुसरी त्याची मावशी: पंचवटीत राहणारी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, पाच वर्षं ही गोळी घेणारी. माणसं कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे कल्पित नाहीत. माझा कल मावशीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण डॉक्टरचं म्हणणं मी कुठे हलकं केलेलं नाही, कारण ते हलकं नाहीच.

मावशी: परवा दाढ दाखवायला गेले होते. खालची, डावीकडची, हलतेय. त्या दातांच्या डॉक्टर मुलीनं विचारलं, "काकू, हाडांसाठी काही घेता का?" मी म्हटलं, "नाही गं, फक्त कॅल्शियम." घरी येऊन चष्मा लावून पाकीट वाचलं. शुक्रवारची ती गोळी कॅल्शियम नाहीच! पाच वर्षं मी तिला कॅल्शियम समजत आले. आणि ती तू लिहून दिलीस.

डॉक्टर: अगं, कॅल्शियमची वेगळी दिली होती. ही हाडं टिकवायची आहे, असं म्हणालो होतो मी.

मावशी: म्हणालास. उपाशीपोटी घे, चहा नको, लवंडू नकोस, हेही सांगितलंस. तेवढं सगळं पाळलं. जबड्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस.

डॉक्टर: नाही काढलं. आणि विसरलो असं सांगून सुटणार नाही मी, मावशी. ठरवून नाही काढलं. तू माझ्या ओपीडीत एकदा दिवसभर बसून बघ. सुरगाण्याहून, पेठहून, कळवणहून बाया येतात. पाठीत पोक आलेलं असतं, दोन मणके चेपलेले असतात, आणि तरी त्या ‘कंबर जरा दुखते’ म्हणतात. परतीची एसटी पकडायची असते. माझ्या हातात तीन-चार मिनिटं. त्यात मी तिला औषध घ्यायला राजी करायचं की जबड्याचं हाड मरतं असं सांगायचं? ते ऐकल्यावर ती गोळी चुलीत टाकेल. शेजारणीलाही टाकायला लावेल. मग एक दिवस न्हाणीघरात घसरेल, खुबा मोडेल. म्हातारपणी खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातलं एक माणूस वर्षभरात जातं. जे उरतात त्यांतले कित्येक पुन्हा आपल्या पायानं ओट्यापर्यंत चालत नाहीत. मी हे रोज बघतो. जबडा मी आयुष्यात दोनदा बघितला.

मावशी: बरं. मग मला आकडे सांग. मी विज्ञानाची बाई आहे, मला आकड्यांची भीती वाटत नाही.

डॉक्टर: २००७ साली झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेसात हजारांहून जास्त वयस्कर बायका, तीन वर्षं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांत शंभरातल्या जवळजवळ अकरा जणींचे मणके चेपले, औषधवाल्यांत तिघींचे. खुब्याचं हाड पाणीवाल्यांत अडीच टक्क्यांचं मोडलं, औषधवाल्यांत दीड टक्क्याहून कमी. आणि जबड्याच्या संशयित केसेस सगळ्या मिळून दोन. एक औषधवाल्यांत, एक पाणीवाल्यांत.

मावशी: म्हणजे फरकच नाही?

डॉक्टर: तीन वर्षांत तरी दिसला नाही. पण लाखो लोकांनी वर्षानुवर्षं घेतल्यावर दिसतो. अमेरिकेतल्या जबड्याच्या सर्जन लोकांच्या संघटनेनं २०२२ मध्ये सगळं पुन्हा मांडलं. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत दोन ते पाच जण. त्यांनी दात काढला तरी हजारात एखाद-दुसरा. आता मला सांग, दहा हजारांतल्या पाचांसाठी मी उरलेल्या नऊ हजार नऊशे पंचाण्णवांना घाबरवू?

मावशी: तू आकडा सांगितलास आणि माझी भीती उलट कमी झाली. हेच तुला पाच वर्षांपूर्वी सांगता आलं नसतं का?

डॉक्टर: तुला आलं असतं. पण भीती आकड्याला लागत नाही गं, ती चित्राला लागते. लोकांच्या डोक्यात उघडा पडलेला जबडा राहतो, दहा हजार राहत नाहीत. आणि हे फक्त आपल्या खेड्यापाड्यातल्या बायांचं नाही. अमेरिकेत २००८ ते २०१२ या चार वर्षांत या गोळ्यांचा वापर निम्म्याहून जास्त घसरला. जबड्याचं हाड मरतं, मांडीचं हाड मोडतं अशा बातम्या येत राहिल्या आणि शिकलेल्या लोकांनी गोळ्या सोडल्या. त्याआधी दरवर्षी कमी होत चाललेलं खुबा मोडण्याचं प्रमाण तिथे पुढे कमी व्हायचं थांबलं. गोळ्या सोडल्या म्हणूनच थांबलं, असं छातीठोकपणे कोणी म्हणत नाही. पण मला ते पुरेसं आहे.

डॉक्टरच्या बाजूचा हा सगळ्यात जड मुद्दा आहे, आणि रुग्णांच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो टाळू नये. सांगितल्यामुळेही माणसं मरू शकतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षभरात गेलेल्या आजीच्या घरी कोणी म्हणत नाही की ती एका अर्धवट बातमीमुळे गेली.

मावशी: आता माझं ऐक. माझ्याबरोबर शाळेत मराठी शिकवायची ती, तुझ्या मुंजीला आली होती बघ. तिला संधिवात, त्यासाठी स्टिरॉइड; वर साखर; वर ही गोळी सात वर्षं. दाढ काढली आणि जखम भरेचना. तीन महिने. तीनदा अँटिबायोटिक झाली. कोणी म्हणालं साखरेमुळे, कोणी म्हणालं कॅन्सर असेल, तुकडा काढून तपासायला पाठवा. घरात रडारड. तोंडाला इतका वास यायचा की ती नातवाला जवळ घेईना. शेवटी जबड्याच्या एका सर्जननं विचारलं, "तुम्ही आठवड्याची गोळी घेता का?" आठवड्याची, असं विचारलं म्हणून तिच्या ध्यानात आलं! त्याआधी चौघांनी तिचं तोंड बघितलं होतं.

डॉक्टर: पुढे?

मावशी: मेलेलं हाड काढलं, औषधाच्या चुळा भरल्या, सहा महिन्यांनी भरून आलं. बरी आहे. त्या बाजूनं चावत नाही एवढंच. मी तुला आकडे विचारले आणि तू दिलेस. आता मला हे सांग की ते हाड मरतं का. तोंडातलंच का?

डॉक्टर: हाड म्हणजे जुना वाडा समज. सतत डागडुजी चाललेली. काही पेशी झिजलेला भाग खरवडून काढतात, दुसऱ्या तिथे नवा भरतात. म्हातारपणी, विशेषतः पाळी गेल्यावर, खरवडणं जास्त होतं आणि भरणं कमी. ही औषधं खरवडणाऱ्यांना आवरतात. म्हणून हाड टिकतं. पण जबड्याच्या हाडाचं बाकीच्या हाडांसारखं नाही. चावण्याचा ताण रोजचा, त्यामुळे डागडुजी तिथे फार वेगानं चालते. वरचं आवरण पातळ, खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला तर कागदासारखं. आणि लाखो जिवाणू शेजारी. दात काढला की तिथलं खराब हाड आधी निघायला हवं, मग नवं यायला हवं. खरवडणारेच आवरून ठेवलेले असले की जखम अडते, त्यात जंतू शिरतात. साखर, स्टिरॉइड, तंबाखू, पू झालेल्या हिरड्या, रुतणारी कवळी, यांतलं जेवढं जोडीला असेल तेवढा धोका वाढतो. दोन महिन्यांहून जास्त काळ हाड उघडं राहिलं आणि त्या जागी कधी रेडिएशन दिलेलं नसेल तर आम्ही ते औषधामुळे मेलेलं हाड धरतो. मायामीच्या रॉबर्ट मार्क्सनी २००३ साली एकदम छत्तीस केसेस छापल्या तेव्हा जगाला हे कळलं. त्यांतल्या बहुतेक कॅन्सरच्या होत्या. शिरेतून मोठे डोस घेतलेल्या.

मावशी: २००३? अरे, मी शाळेत फॉस्फरस शिकवायचे तेव्हा हेच सांगायचे मुलांना. काडेपेटीच्या कारखान्यातल्या बायकांचा जबडा सडायचा.

डॉक्टर: तो पांढऱ्या फॉस्फरसचा.

मावशी: हो. व्हिएन्नाच्या लोरिन्सर नावाच्या डॉक्टरनं १८४५ मध्ये लिहून ठेवलंय. काड्यांच्या टोकांना पांढरा फॉस्फरस लावायचे, त्याची वाफ तोंडात जायची, किडलेल्या दातातून आत शिरायची. तुझ्या या औषधांच्या रेणूतही फॉस्फरस आहे ना?

डॉक्टर: दोन-दोन अणू. पण ते विष होतं आणि हे औषध आहे. दोन्हींची तुलना लोकांसमोर करू नकोस, मावशी. त्यानंच घात होतो.

मावशी: विषाची आणि औषधाची तुलना मी करत नाहीये. गप्प बसण्याची करतेय. लंडनला १८८८ मध्ये काडेपेटीवाल्या पोरींनी संप केला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच ब्रायंट अँड मे कंपनीला दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, दंड झाला तो जबड्याचे रुग्ण सरकारला न कळवल्याबद्दल. मालकांना माहीत होतं, ते गप्प बसले. तसल्या काड्यांवर बंदी घालणारा बर्नचा करार १९०६ चा, आणि हिंदुस्थानात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदीचा कायदा आला १९१३ साली. आपल्या अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना त्यानंतरचा, म्हणून तिथल्या कामगारांच्या वाट्याला हे दुखणं आलं नाही. पण बंदी यायच्या आधीसुद्धा एक गोष्ट लोकांना कळली होती. ज्यांचे दात चांगले त्यांचे जबडे वाचतात. म्हणून कारखान्यांत दात तपासायला लागले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी! आणि तू माझे दात न बघता मला गोळी दिलीस.

डॉक्टर: मी कायद्याच्या बाहेर काही केलं नाही.

मावशी: कायद्याचं मी काढलंच नाही.

डॉक्टर: मी काढतो. समीरा कोहली खटला, सर्वोच्च न्यायालय, १६ जानेवारी २००८. खटला वेगळाच होता. एका बाईनं फक्त दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती आणि भुलीत असतानाच तिचं गर्भाशय काढलं. न्यायालयानं डॉक्टरला दोषी धरलं, आणि संमती कशी घ्यायची हेही घालून दिलं. उपचार काय, कशासाठी, फायदा काय, मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे सगळं सांगायचं. पण त्याच निकालात असंही आहे की जे धोके दूरचे किंवा फक्त पुस्तकी आहेत, जे ऐकून रुग्ण घाबरेल, गोंधळेल आणि गरजेचा उपचार नाकारेल, ते सांगायची गरज नाही. न्यायमूर्तींनी कारणही दिलंय. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण गरीब, कमी शिकलेले. वैद्यकीय भाषा त्यांना झेपत नाही. दहा हजारांत पाच हा दूरचा धोका नाही तर काय?

मावशी: थांब. मला नीट मांडू दे. समज, तू मला एक गोळी दिलीस आणि तिच्यामुळे दहा हजारांत पाच जणांचं यकृत बिघडतं, का बिघडतं कोणाला ठाऊक नाही, टाळायलाही येत नाही. ते तू मला सांगितलं नाहीस तर मी रागावेन, पण तुझं म्हणणं मला समजेल. सांगून मी काय करणार होते? नुसती रात्रभर जागले असते. जबड्याचं तसं नाही. इथे सांगितल्यावर मी काहीतरी करू शकते. गोळी सुरू करायच्या आधी दात दाखवीन. खराब असेल तो आधी काढून घेईन. कवळी रुतत असेल तर घासून घेईन. पुढे पाच वर्षांनी कोणी दाढ काढायला निघालं तर त्या मुलीला सांगेन की मी हे औषध घेते, रूट कॅनालनं भागत असेल तर बघ. जखम राहिली तर तीन महिने वाट बघणार नाही. तू तो धोका दूरचा म्हणतोस, पण तो दूर ठेवायचं अर्धं काम माझं आहे. ते काम आपलं आहे हेच मला माहीत नसेल तर मी ते करू कशी? तुझ्या न्यायालयासमोर हा प्रश्न आलाच नव्हता. तिथे सांगणं वेगळं आणि उपचार वेगळा. इथे सांगणं हाच उपचाराचा भाग आहे.

डॉक्टर: हं.

मावशी: आणि ते तुझ्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही. दातांच्या डॉक्टरनं विचारलं तरी मी कॅल्शियम म्हणाले. वर्षातून एकदा सलाइन लावलेली बाई तर ‘कुठली औषधं चालू आहेत’ याला ‘बीपीची आणि थायरॉइडची’ म्हणणार. गेल्या दिवाळीच्या आधी कोणीतरी अर्धा तास बाटली लावली होती, ते तिच्या लेखी औषध चालू असणं नव्हेच.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते मावशीनं इथे म्हटलं आहे. एखादा धोका सांगायचा की नाही हे ठरवताना आपण तो किती दुर्मीळ आहे एवढंच मोजतो. ऐकणाऱ्याच्या हातात तो टाळण्याचा काही उपाय आहे का, हेही मोजायला हवं. पण डॉक्टरचं अजून संपलेलं नाही, आणि आता तो जे सांगतो ते मला जास्त अस्वस्थ करतं.

डॉक्टर: मान्य. पण सांगितल्यावर खरंच काय होतं ते तुला सांगतो. निफाडची एक बाई. तिला मी डेनोसुमॅब देत होतो, सहा महिन्यांनी एक. तिला मी सांगितलं होतं, दातांचं काही असेल तर डॉक्टरांना हे इंजेक्शन सांगा. तिनं सांगितलं. ते म्हणाले, आधी इंजेक्शन बंद करा, मग बघू. तिनं बंद केलं आणि मला कळवलं नाही. बिस्फॉस्फोनेट, म्हणजे तुझी गोळी आणि ती सलाइन, हाडात वर्षानुवर्षं मुरून राहते. थोडे दिवस थांबलं तरी हाडाचं संरक्षण लगेच जात नाही. डेनोसुमॅबचं तसं नाही. ते उतरलं की खरवडणाऱ्या पेशी उसळून उठतात. एकाच वेळी तीन-चार मणके चेपू शकतात. तिचे तीन चेपले. नुसती बादली उचलली तेव्हा. आणि दात तो तसाच, तोंडात सडत. आता बोल.

मावशी: तिला तू अर्धंच सांगितलंस म्हणून.

डॉक्टर: तिला? की त्या दातांच्या डॉक्टरांना?

मावशी: दोघांनाही. तिला सांगायला हवं होतं की मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.

डॉक्टर: आणि त्यांना काय सांगू? कितीतरी जण या औषधाचं नाव ऐकलं की हात लावत नाहीत. ‘ऑर्थोची चिठ्ठी आणा’ म्हणतात. मी चिठ्ठी देतो, तर ‘रक्ताची अमुक तपासणी आणा’. त्या तपासणीवरून जबड्याचं काही खात्रीनं सांगता येत नाही. तोवर रुग्ण दोन्हीकडे खेटे घालून कंटाळतो आणि पू तसाच राहतो. मुळात तो पूच धोक्याचा! मोकाट सोडलेला सडका दात हा जपून काढलेल्या दातापेक्षा वाईट. डेनोसुमॅबवर असेल तरी मार्ग आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी दात काढायचा, महिना-दीड महिन्यात जखम भरते, पुढचं इंजेक्शन वेळेवर. एवढं साधं. पण त्यासाठी दोन डॉक्टरांनी एकमेकांना फोन करावा लागतो.

मावशी: करत नाही?

डॉक्टर: फारसा नाही. कॉलेजात असताना दातांची मुलं आणि आम्ही एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नव्हतो. आणि रुग्णाशी कसं बोलायचं हे कोणी शिकवलं नाही, वॉर्डात सर जसे बोलायचे तसं आम्ही बोललो. आता २०१९ पासून एमबीबीएसच्या मुलांना वृत्ती, नीती आणि संवाद असा भागच अभ्यासक्रमात आहे. महाराष्ट्रभरच्या मुलांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला. ती पोरं बाहेर पडतील तेव्हा बरं चित्र असेल कदाचित.

मावशी: तोवर मी काय करू, दाढ धरून बसू? दुसरं बघ. २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेनंतर, काळी बुरशी आली. नाशिकमध्ये किती जणांचे वरचे जबडे काढावे लागले, तुला आठवतंय ना. तेव्हा वर्तमानपत्रात रोज यायचं. साखर सांभाळा, दात हलला, गालाला बधिरपणा आला, टाळूवर काळं दिसलं तर लगेच दाखवा. माणसं घाबरली, खरंय. पण दाखवायला आली. घाबरलेल्या माणसाला काय करायचं ते सांगितलं की तो करतो. काय करायचं हे सांगितलं नाही तरच तो गोळी चुलीत टाकतो.

डॉक्टर: ती साथ होती. हे रोजचं आहे. दिंडोरीची द्राक्षबागेत कामाला जाणारी बाई, छाटणीचे दिवस, तिला मी म्हणू आधी दात दाखवून ये? तिची आणखी एक मजुरी बुडणार. आयुष्यभर मिश्री लावलेली, हिरड्या मागे गेलेल्या, चार दात हलणारे. ठणका लागल्याशिवाय तिच्या घरात कोणी दातांच्या डॉक्टरचं तोंड बघितलेलं नाही.

मावशी: म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज आहे तिलाच तू सांगणार नाहीस.

डॉक्टर गप्प राहतो, आणि मला वाटतं तिथे गप्प राहणंच प्रामाणिक आहे. याच्यावर कोणापाशी सोपं उत्तर नाही. पंचवटीत मुंबई-आग्रा रस्त्याला महात्मा गांधी विद्यामंदिरचं केबीएच दंत महाविद्यालय आहे, शहरात दंतवैद्य गल्लोगल्ली आहेत, पण दिंडोरीच्या त्या बाईच्या दिवसात त्यांच्यासाठी जागा नाही.

डॉक्टर: मी तोंड उघडायला लावू शकतो. टॉर्च आहेच. दात हलतो का, हिरडीतून पू येतो का, कवळी रुतते का, जवळपास दात काढायचा आहे का. चार प्रश्न. ज्यांचं काही दिसतं त्यांनाच पाठवायचं, बाकीच्यांची गोळी त्याच दिवशी सुरू. खुबा मोडायची वाट बघत दातांसाठी महिनोन् महिने थांबणं मला पटणार नाही.

मावशी: मलाही नाही. आणि कॅन्सरच्या लोकांचं?

डॉक्टर: तिथे माझा वादच नाही. स्तनाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरला की किंवा मायलोमा असला की हेच झोलेड्रोनिक अ‍ॅसिड महिन्या-महिन्याला देतात. वर्षभरात त्यांच्या अंगात आपल्या रुग्णांच्या जवळजवळ दहापट औषध जातं. तिथे धोका शंभरात एकापासून पाचापर्यंत जातो. पहिल्या डोसच्या आधी दात तपासलेच पाहिजेत, काढायचे ते काढून जखम भरू दिली पाहिजे. धुळ्याहून, नंदुरबारहून माणूस किमोला नाशिकला येतो, तेव्हा त्याच खेपेत हे व्हायला हवं. अडचण अशी की त्याची गोष्ट तुझ्यापर्यंत येते तेव्हा डोस गळून जातो आणि औषधाचं नाव तेवढं उरतं. मग तू घाबरतेस.

मावशी: मी नाही घाबरत. पण हे दोन वेगळे आहेत हेसुद्धा सांगावंच लागेल की नाही? बघ, प्रत्येक वेळी तू न सांगण्याचं कारण देतोस आणि त्यातून सांगायची आणखी एक गोष्ट निघते. कागद घे. आपण लिहू. औषधाच्या फाईलवर चिकटवायला. मराठीत.

डॉक्टर: एवढं सगळं मावणार नाही.

मावशी: मावेल. मी मुलांना पाच ओळींत रक्ताभिसरण लिहायला लावायचे.

त्यांनी जे लिहिलं ते असं: "मी हाडांच्या ठिसूळपणासाठी अमुक औषध अमुक सालापासून घेत आहे. शेवटचा डोस अमुक तारखेला. दात काढायचा किंवा इम्प्लांट बसवायचं असेल तर आधी खालच्या नंबरवर हाडांच्या डॉक्टरांना फोन करावा. दात साफ करणं, भरणं, रूट कॅनाल यासाठी थांबू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये. दात काढल्यावर जखम भरत नसेल, हाड दिसत असेल, पू येत असेल किंवा ओठ बधिर झाला असेल तर लगेच दाखवावं."

डॉक्टर: आकडा नाही घातला.

मावशी: का नाही? दहा हजारांत दोन ते पाच. घाल.

डॉक्टर: कागदावर तो वेगळा वाचला जाईल. आकडा मी तोंडानं सांगेन. आधी मणक्यांचा, शंभरात अकरा आणि शंभरात तीन. मग जबड्याचा. एका दमात दोन्ही. कागदावर एकटा जबडा नको.

मावशी: मला पटत नाही. ज्यांना वाचता येतं त्यांना घरी जाऊन पुन्हा वाचायचं असतं. तुझ्यासमोर निम्मं डोक्यात शिरत नाही. मणक्याचा आकडाही छाप हवं तर.

डॉक्टर: विचार करतो. खरंच करतो.

मावशी: आणि सांगायचं ते तू. काउंटरवरच्या मुलीवर सोडायचं नाही. ती ‘हे वाचा, इथे सही करा’ म्हणेल आणि लोकांना वाटेल ऑपरेशनची सही घेतायत.

डॉक्टर: बरं. आता तुझ्या दाढेचं. ती काढावी लागली तर काढायची. तुला साखर नाही, स्टिरॉइड नाही, धोका अगदी थोडा आहे. दाढेसाठी चार दिवस गोळी बंद करून काही साधत नाही, ती हाडात मुरलेली आहे. पण पाच वर्षं झालीच आहेत, तर पुढच्या आठवड्यात डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, करून घेऊ. खुब्याचा आकडा बरा असेल आणि मणका चेपलेला नसेल तर गोळीला एक-दोन वर्षं विश्रांती देता येईल. ते दाढेमुळे नव्हे, तशी वेळच झाली म्हणून. नसेल बरा, तर चालू ठेवायची. त्या दातांच्या डॉक्टर मुलीशी मी आत्ताच बोलतो. नंबर दे.

मावशी: देते. फोन स्पीकरवर ठेव. माझ्या दाढेचं बोलणार आहात तर मलाही ऐकायचंय.